आडनाव नसलेल्या बायका

परवा कूलरच्या जाळ्यांत नवा वाळा भरला. पुण्यात कूलर लावणाऱ्याकडे लोक अजूनही जरा कीव केल्यासारखं बघतात. इथल्या उन्हाळ्याला उन्हाळा म्हणायला मूळ पुणेकर तयार नसतो, आणि आम्ही वर्ध्याकडचे लोक कूलरचा पंप सुरू झाल्याशिवाय एप्रिल आला हे मान्य करत नाही. पंपाचं पाणी वाळ्यावर पडलं, पहिली ओली, मातकट, थोडी गोडसर झुळूक खोलीत आली आणि मी हातातला पाना तसाच धरून उभा राहिलो. त्या वासाबरोबर मला नेहमी एक आवाज ऐकू येतो. माझाच, पंचविशीतला, बोलून बोलून कोरडा पडलेला. "आता दार उघडतंय. पाय दिसतायत." आणि त्यावर पलंगावर पालथ्या पडलेल्या आईचा प्रश्न, "कुणाचे?"

त्या उन्हाळ्याला वीसेक वर्षं झाली. खराडीत तेव्हा काचेच्या इमारती उगवत होत्या आणि दोन इमारतींच्या मध्ये ज्वारीचं एखादं शेत अजून तग धरून होतं. अशाच एका इमारतीत मी दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचं काम करायचो. परदेशातलं काम संपलं, नवं आलं नाही आणि आम्हा पंधरा-वीस जणांना 'बेंचवर' ठेवलं. शाळेत बेंचवर उभं करायचे, इथे बसवायचे, एवढाच फरक. रोज कार्ड दाखवून आत जायचं, चहा प्यायचा आणि आज कुणाला आतल्या केबिनमध्ये बोलावलं हे एकमेकांच्या चेहऱ्यांवरून ताडायचं.

आई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. ट्रंककॉलच्या काळात तिने अर्ध्या महाराष्ट्राची बाळंतपणं, बदल्या आणि मृत्यू जोडून दिले होते. मग नवी यंत्रं आली, ऑपरेटरची गरज उरली नाही, तिला तक्रारींच्या खिडकीवर बसवलं, आणि तिथे वर्षभर लोकांचं बोलणं ऐकून घेऊन तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली. तिला एकच व्यसन होतं, रहस्यपट. सकाळची पाळी संपली की ती मॅटिनीला जायची. एकटी. रडक्या सिनेमांना ती कधी गेली नाही. रडायचंच असेल तर त्यासाठी तिकीट कशाला काढायचं, असं तिचं म्हणणं. मी सातवीत असताना बाबा गेले, त्यानंतरही तीन-चार महिन्यांत तिने मॅटिनी पुन्हा सुरू केली होती. खुनी कोण हे शोधताना तिला बाकी काही आठवत नसावं, हे मला फार उशिरा कळलं.

मार्चच्या शेवटी एका सकाळी ती म्हणाली की उजव्या डोळ्यात कोपऱ्यातून काळा पडदा येतोय. डाव्या डोळ्याने तिला लहानपणापासून फक्त उजेड आणि ढोबळ आकार कळायचे. सगळी भिस्त उजव्यावर. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याच्या आतला पडदा सुटलाय, उद्याच शस्त्रक्रिया करायला हवी. ती झाली. डोळ्यात त्यांनी वायूचा एक बुडबुडा सोडला होता. तो वर वर जातो आणि पडद्याला दाबून धरतो, पण त्यासाठी तोंड सतत जमिनीकडे हवं. बारा दिवस. झोपताना, जेवताना, बोलताना. पडदा नीट चिकटला की नाही हे महिन्याभराने कळणार होतं. डोळ्यात घालायचे थेंब समजावून सांगताना नर्स माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. घरात कुणी बाईमाणूस नाही का, तिने विचारलं. नाही म्हटल्यावर तिने सगळं पुन्हा पहिल्यापासून, हळू, सांगितलं.

साहेबांनी रजा इतक्या पटकन दिली की मलाच भीती वाटली.

कपाळ टेकायला काहीतरी हवं होतं. कसबा पेठेत एका बोळात खुर्च्या-पाट करणारा सुतार होता, त्याच्याकडे गेलो. बाईंचं कपाळ केवढं, त्याने विचारलं. मी मोजून आणलं नव्हतं. माझ्याच कपाळावर बोटांनी अंदाज दाखवला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, कानामागची पेन्सिल काढली, माझ्याच कपाळाचं माप घेतलं आणि म्हणाला की आई ना, मग फार फरक नसणार. दुसऱ्या दिवशी त्याने घोड्याच्या नालेच्या आकाराची एक चौकट दिली, कडांना जुनी रजई शिवलेली. ती पलंगाच्या टोकाला बसवली, आईने त्यात चेहरा टेकवला आणि आमचे बारा दिवस सुरू झाले. मी तिला भरवायचो, नळीने पन्हं द्यायचो, तिचे केस विंचरायचो. पहिल्या दिवशी वेणी घालताना मी इतका गोंधळलो की तीच खालून सूचना देत राहिली. बँडेजच्या कडेने डाव्या डोळ्याला तिला फरशी दिसायची, आणि फरशीवर माझे पाय. "आज घरात चपला घालून फिरतोयस," ती म्हणायची. तेवढंच तिचं जग.

तिसऱ्या दिवशी रेडिओला कंटाळून ती म्हणाली, सिनेमा लाव.

ती पाहणार कशी, मी विचारलं. मी ऐकीन, तू सांग, ती म्हणाली.

चंदननगरच्या चौकात एक सीडी लायब्ररी होती. रहस्यपटांच्या कप्प्यात हिंदी, इंग्रजी, दक्षिणेतून हिंदीत आणलेले, सगळे एकत्र. जवळजवळ प्रत्येक कव्हरवर एक घाबरलेली बाई होती, आणि तिच्या मागे एक सावली. मी तीन घेऊन आलो. आईच्याच खोलीत माझा कॉम्प्युटर होता, त्यात सीडी टाकली, खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि सांगायला लागलो.

पहिल्या दहा मिनिटांतच तिने मला थांबवलं. मी सांगत होतो की एक बाई आली, देखणी आहे, निळी साडी, बिनबाह्यांचा ब्लाउज, केस मोकळे. मग एक इन्स्पेक्टर आला.

"कसा आहे?" आईने विचारलं.

"कसा म्हणजे? इन्स्पेक्टर आहे."

"उंच, बुटका, टकला? कपडे? केस?"

मी पडद्याकडे पाहिलं. तो माणूस दृश्यातून निघून गेला होता आणि मला त्याच्याबद्दल काहीही आठवत नव्हतं. मागे नेऊन पाहावं लागलं. चांगला ढेरपोट्या होता, शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं.

"आणि ती बाई करते काय?" तिने पुढे विचारलं.

तेही मला सांगता आलं नाही. सिनेमाने सांगितलंच नव्हतं, आणि मला ते विचारावंसं वाटलं नव्हतं.

दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणाऱ्या माणसाला हे लागलं. त्यानंतर मी जरा लक्ष देऊन सांगू लागलो, आणि लक्ष दिल्यावर एकेक गोष्ट दिसायला लागली. पुरुष सिनेमात येतो तेव्हा आधी चेहरा दिसतो, फार तर पाठ. बाई येते ती पायांपासून. पैंजण, टाच, पोटरी, मग हळूहळू वर. आईला ते इतकं पाठ झालं की मी "पाय दिसतायत" म्हटलं की ती "कुणाचे?" विचारायची, मी "अजून कळलं नाही" म्हणायचो आणि ती खालून शांतपणे निकाल द्यायची, "म्हणजे बाई आहे. मीसुद्धा सध्या तुला पायांपासूनच बघते, पण मला निदान डॉक्टरांनी सांगितलंय."

खुनी ओळखण्यापेक्षा कोण मरणार हे ओळखणं तिला सोपं जायला लागलं. त्यासाठी ती एकच प्रश्न विचारायची, हिला आडनाव दिलंय का? इन्स्पेक्टरला आडनाव असायचं, वकिलाला असायचं, ज्याच्या बंगल्यात खून व्हायचा त्या उद्योगपतीला तर आडनावच असायचं, नाव नाही. बायका मात्र नुसत्या नावाच्या. आणि नुसतं नाव असलेली, हसरी, चौथ्या मिनिटाला आंघोळीला किंवा पोहायला जाणारी बाई दहाव्या मिनिटापर्यंत टिकायची नाही. आडनाव असलेली बाई क्वचित यायची. ती आली की आई सावध व्हायची. ही टिकणार, म्हणायची, पण हिच्यावर संशय येणार. ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

पुरुषांचीही फार निराळी गत नव्हती, हेही त्या उन्हाळ्यात कळलं. मऊ आवाजाचा, नीटनेटका, स्वयंपाक येणारा पुरुष दिसला की तो खुनी असण्याची शक्यता मोठी. एका सिनेमात शेवटी उलगडा झाला की खुनी असा का झाला, तर त्याची आई नोकरी करायची आणि तो एकटा वाढला. हे सांगताना मी जरा अडखळलो. आई चौकटीत हसली, तेवढ्याने चौकट हलली आणि मला ती धरावी लागली.

"म्हणजे सुरी त्याने चालवली आणि चुकलं पाळणाघर," ती म्हणाली. "तू जपून राहा बाबा. तुझंही बालपण टेलिफोन एक्सचेंजमध्येच गेलं. शिवाय आता वेणीही घालतोस."

हसलो आम्ही, पण त्या बारा दिवसांत मी सतत भ्यालेला होतो. हिला परत दिसलं नाही तर काय, हा विचार मी मोठ्याने करू शकत नव्हतो. पडद्यावरचा एकही पुरुष काय करावं हे सुचत नसल्याची भीती दाखवत नव्हता. ते सगळे धावत होते, गाड्या चालवत होते, दार लाथेने उघडत होते. मी दिवसातून चार वेळा थेंब घालत होतो आणि प्रत्येक वेळी बाटलीवरचं नाव दोनदा वाचत होतो.

सातव्या की आठव्या दिवशीची दुपार. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं, कूलर घरघरत होता आणि सिनेमा एका पहाटेपर्यंत आला होता. मी सांगत होतो, "ती घरी येते. गाडीतून उतरते. गाडीत दोन पुरुष आहेत. इकडेतिकडे बघून जिना चढते. ही काहीतरी लपवतेय."

"हे तिने सांगितलं की तू सांगतोयस?"

"संगीत तसं आहे ना, आई."

"संगीत काय तिने लावलंय?"

आणि वीज गेली. त्या वर्षी भारनियमन होतंच, दुपारी दोन ते चार. कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं, पाण्याचे थेंब तेवढे टपटपत राहिले. त्या शांततेत मला एकदम आमच्या सोसायटीतलं एक पत्र आठवलं.

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगी भाड्याने राहायची. संध्याकाळी तिला न्यायला गाडी यायची आणि पहाटे सोडून जायची. गाडीत कधी दोन पुरुष असायचे, कधी तीन. मार्चच्या मध्यावर सोसायटीचे सेक्रेटरी पानसे काका फाटकाजवळ उभे राहून एका पत्रावर सह्या घेत होते. मी ऑफिसला निघालो होतो. स्कूटरच्या सीटवर कागद ठेवून मीही सही केली होती. वरवर वाचून. खरं तर माझ्याच ऑफिसच्या रस्त्यावर रात्रभर चालणारी कॉल सेंटरं होती, त्यांच्या तशाच गाड्या मी रोज बघत होतो. तरी सही केली होती.

आईला मी हे सांगितलं. पत्रात काय लिहिलंय, तिने विचारलं. आठवलं तसं सांगितलं: सदर महिला अवेळी ये-जा करते, तिच्यासोबत निरनिराळे पुरुष असतात, सोसायटीतल्या वातावरणावर अनिष्ट परिणाम होतो, तरी फ्लॅटमालकांनी जागा रिकामी करून घ्यावी. येत्या रविवारच्या सभेत ते पत्र मंजूर होऊन नाशिकला मालकांकडे जाणार होतं.

आईने चौकटीत कपाळ जरा सरकवलं. मग तिने विचारलं, "आपण येरवड्यातली खोली सोडली ते आठवतं तुला?"

आठवत होतं. मी सातवीत होतो, बाबांना जाऊन सहा महिने झाले होते. "तू म्हणाली होतीस की नव्या खोलीवरून शाळा जवळ पडेल."

"शाळा लांब पडली होती," आई म्हणाली. "तू चालत जायचास, तरी तुला कधी कळलं नाही."

मग तिने सांगितलं. बाबा गेल्यावर तिने रात्रपाळी मागून घेतली होती, कारण मग दिवसा माझ्याजवळ थांबता यायचं. पहाटे खात्याची जीप सोडायला यायची. जीपमध्ये ड्रायव्हर आणि दोन लाइनमन असायचे, त्यांना पुढे जायचं असायचं. दोन महिन्यांनी घरमालकांच्या हातात शेजाऱ्यांचं पत्र पडलं. त्यातल्या एका सहीची बाई अशी होती, जिच्या मुलीच्या बाळंतपणाचा फोन आईने स्वतः जोडून दिला होता. तिचा राग आला नाही, आई म्हणाली. फक्त त्या पत्रात तिचं नाव कुठेच नव्हतं, तेवढं लक्षात राहिलं. 'सदर विधवा' असं लिहिलं होतं.

वीस मिनिटं झाली असतील. वीज यायला अजून अवकाश होता. आई म्हणाली, "जा, सही खोडून ये. मला उठता येत नाही, नाहीतर मीच गेले असते."

पानसे काकांनी दार उघडलं, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं की आग लागली आहे का. मी सही काढून घ्यायची आहे म्हणालो.

"का? शाई आवडली नाही?"

मी सांगितलं की न वाचता केली होती. मग त्यांनी विचारलं की आता वाचलंत का. हो म्हणालो, आणि त्यात तिचं नाव नाही हेही म्हणालो.

"काय नाव आहे तिचं?" काकांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. काकांनाही माहीत नव्हतं. दोघं त्या कागदाकडे बघत उभे राहिलो. सेक्रेटरी म्हणून गेली नऊ वर्षं पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत सगळ्यांची बोलणी खाणारा तो माणूस होता, दुष्ट नव्हता. त्यांनी पेन पुढे केलं. मी सही खोडली, शेजारी 'मजकुराशी सहमत नाही' असं लिहिलं. परत निघताना त्यांनी मागून विचारलं, आईंचा डोळा कसा आहे. मी कळेल महिन्याने म्हटलं. "कळवा," ते म्हणाले. रविवारच्या सभेत ते पत्र पुढच्या सभेवर ढकललं गेलं, पुढच्या सभेत पाण्याच्या पंपाचा विषय निघाला आणि पत्र फाइलमध्येच राहिलं. एवढं सोपं होतं ते. आठवलं की अजूनही मला सुटल्यासारखं वाटतं, आणि त्याच क्षणी लाजही वाटते.

वरच्या मजल्यावर जाणं जास्त अवघड होतं. तिलाही सांगून ये, आईने बजावलं होतं. त्या मुलीने साखळी लावूनच दार उघडलं. मी नाव सांगितलं, पत्राचं सांगितलं. तिला पत्र माहीत होतं. कामवाल्या मावशींनी सांगितलं होतं.

"सही करताना माझं नाव माहीत होतं तुम्हाला?"

"नाही."

"शीतल मेश्राम," ती म्हणाली. "भंडाऱ्याची. ऑफिसमध्ये माझं नाव वेगळं असतं, तिकडच्या लोकांना उच्चारता येईल असं. इथे तरी खरं नाव चालेल असं वाटलं होतं." मग थोडं थांबून, "इट्स ओके, दादा," असंही म्हणाली. ते इट्स ओके नव्हतं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. दार बंद झालं.

दोन दिवसांनी दुपारी तीच खाली आली. काकूंना बघायला आले, म्हणाली. आईने तिला आवाजावरून ताडलं. रात्रभर बोलतेस ना, घसा केवढा बसलाय. मग हेडफोन एकाच कानावर ठेवायचा, आळीपाळीने, कोमट पाणी प्यायचं, चिडलेल्या माणसाशी बोलताना आपला आवाज एक पायरी खाली आणायचा, असा ट्रंककॉलच्या जमान्यातला सगळा ठेवा आईने फरशीकडे बघत तिच्या हवाली केला. शीतल फरशीवर मांडी घालून बसली होती, आईला निदान तिचे गुडघे दिसावेत म्हणून. मला ते इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं.

सिनेमा सुरूच होता. माझा घसा बसला होता, म्हणून आईने तिला सांगायला लावलं. पडद्यावर एका मोठ्या बंगल्यात एकटी बाई होती. मी सांगितलं असतं तर म्हणालो असतो की ती घाबरलीय, पांढरा गाऊन घातलाय, बाहेर पाऊस आहे. शीतल सांगू लागली.

"काकू, दार एकच आहे. मागे खिडकी आहे, पण गज आहेत. फोन खाली, जिन्याच्या पलीकडे. हिच्या पायात टाचेची चप्पल आहे, धावायचं झालं तर आधी काढावी लागेल. दिवा हिच्या पाठीमागे आहे, म्हणजे बाहेरच्याला ही दिसतेय, हिला बाहेरचा दिसत नाहीये. शेजारच्या बंगल्यात उजेड आहे. ओरडली तर ऐकू जाईल."

आई म्हणाली, "आता मला ती खोली दिसली."

मी खुर्ची पुढे ओढून पडद्यावरची ती खोली पुन्हा पाहिली. लहानपणापासून शेकडो रहस्यपट पाहिले असतील. त्यातल्या एकाही खोलीचं दार कुठे आहे हे मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते पाहायची गरज पडली नव्हती. ही मुलगी पाहत होती, कारण ती रोज पाहत होती. गाडीत, जिन्यावर, स्वतःच्या दाराच्या साखळीपाशी. आणि आई, जी आयुष्यभर मॅटिनीत एकटी बसली, ती कडेचीच खुर्ची का घ्यायची हेही मला त्या दुपारी कळलं. उजवीकडच्या रांगेत, दरवाज्याजवळची.

उरलेले दिवस शीतल कामावर जाण्याआधी तास-दोन तास यायची. वीज गेली की त्या दोघी अर्धा राहिलेला सिनेमा आपल्या मनाने पुरा करायच्या. त्यांच्या सिनेमात पहिली बाई मरत नसे. ती चप्पल हातात घेऊन मागच्या बाजूने निघून जायची, शेजारच्या बंगल्यातून एक्सचेंजला फोन लावायची, तिथे बसलेली ऑपरेटर तिचं पूर्ण नाव लिहून घ्यायची, आणि सिनेमा पंधरा मिनिटांत संपायचा. इन्स्पेक्टरला फारसं काम उरायचं नाही. तो ढेरपोट्याच राहू द्यायचा, असं दोघींचं ठरलं होतं. मला वाटायचं, यात रहस्य कुठे राहिलं? पण त्या इतक्या मजेत असायच्या की मी ते कधी बोललो नाही.

आई आता सत्तरी ओलांडून बरीच पुढे गेली आहे. आता ती मांडीवर टॅब ठेवून मालिका बघते, एकामागून एक आठ-आठ भाग. काळ पालटला आहे. आता बायका खुनाचा तपास करतात, त्यांना हुद्दा असतो, आडनाव असतं. आई खूश आहे, पण पूर्ण नाही. परवाच म्हणत होती की बाईला वर्दी दिली हे बरं केलं, पण तिचं पोर घरी तापाने फणफणलंय हे दर दहा मिनिटांनी कशाला दाखवतात, त्या पुरुष इन्स्पेक्टरांना काय पोरं नव्हती? शीतलने पुढे तीन वर्षांनी वडगाव शेरीत स्वतःचं घर घेतलं. आता ती नव्या मुलामुलींना फोनवर बोलायला शिकवते. दिवाळीत येते. दोघी कोपऱ्यात बसून कुठल्यातरी मालिकेतल्या बाईचं भवितव्य ठरवत असतात. मला जूनमध्ये नवं काम मिळालं होतं, बेंच सुटला. त्या उन्हाळ्यात जे जे जाईल असं वाटलं होतं, त्यातलं बरंचसं राहिलं. काही गोष्टी गेल्या, पण त्या जायलाच हव्या होत्या.

बाराव्या दिवशी आईने मान वर केली तेव्हा पहिली दहा मिनिटं तिला भोवळ येत होती. डोळ्यासमोर नुसतं पाणी हलल्यासारखं होतं. मग रोज त्या पाण्याची पातळी थोडी थोडी खाली जायला लागली. पाण्याच्या वरच्या पट्टीत आधी छत दिसलं, मग पंखा, मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोचा वरचा भाग, मग सगळा फोटो. एका सकाळी ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मी काय झालं विचारलं. दाढी कर, ती म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन मी नळ सोडला आणि ओट्याला टेकून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने बाहेर आलो तेव्हा तिने काही विचारलं नाही. दोन कप चहा मात्र तिने स्वतः गाळून ठेवला, महिन्यात पहिल्यांदा, थोडासा बशीत सांडून.

मेच्या सुरुवातीला तपासणी होती. डॉक्टरांनी यंत्रातून बराच वेळ पाहिलं, दिवा विझवला, लावला, पुन्हा पाहिलं. मी आईच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभा होतो. पडदा छान चिकटलाय, ते म्हणाले. समोरच्या तक्त्यावरची अक्षरं आईने वरून पाचव्या ओळीपर्यंत वाचली आणि सहाव्या ओळीचा अंदाज केला. अंदाज नको, डॉक्टर म्हणाले, जेवढं दिसतं तेवढंच सांगा. मी मनाचं काही सांगत नाही, आई म्हणाली, मला तो 'ल' दिसतोय. तो 'ल'च होता.

घरी येताना रिक्षा केली. रिक्षावाले काका लोणी काळभोरकडचे, पन्नाशीचे. नगर रस्त्याला लागल्याबरोबर आई पाट्या वाचायला लागली. मोठ्याने. ताजा उसाचा रस, बर्फ वेगळा. येथे पंक्चर काढून मिळेल. शटर व ग्रील. मुलींसाठी जागा भाड्याने देणे. भिंतीवर जाहिरात लावू नये. ती एकही सोडत नव्हती. सिग्नलला थांबलो की शेजारच्या टेम्पोच्या मागे लिहिलेलं वाचायची, ते संपलं की पुढच्या बसचा नंबर. मी तिचा हात धरून बसलो होतो आणि बाहेर बघत होतो, कारण माझे डोळे भरून आले होते आणि मला ते पुसायची घाई नव्हती.

रिक्षावाल्या काकांनी आरशातून दोनदा-तीनदा पाहिलं. शेवटी न राहवून विचारलं, "मावशी पहिल्यांदाच आल्यात व्हय पुण्यात?"

"हो," आई म्हणाली, "आजच आले." आणि पुढची पाटी वाचायला लागली.